राणीसरकार आणि बारा तत्त्वं

१२ ऑक्टोबर

ही डायरी दुकानाला पर्क नावाचं रसायन पुरवणाऱ्याने फुकट दिलेली. दर वर्षी देतो, आणि दर वर्षी आमची ही तिची पानं फाडून कपाटातल्या फळ्यांवर अंथरते. यंदाची उरलेली पानं मी वाचवली, कारण आजपासून घरात दोघी विरुद्ध मी एकटा असा सामना आहे. माझी बाजू कुठेतरी लिहून ठेवायला हवी.

ठकी आली. आमची एकुलती एक. रसायनशास्त्रातली डॉक्टर आहे, म्हणजे औषध देणारी नव्हे, तर जगात सगळं चुकीच्या पद्धतीनं बनवतात असं सांगणारी. प्रयोगशाळेतून हिवाळाभराची रजा काढून आली आहे. "का गं?" विचारलं, तर म्हणते, "तुमची आठवण येत होती, बाबा." मी खूश. ही मात्र लगबगीनं चहा टाकायला निघून गेली.

पोरीने बॅगसुद्धा वर नेली नाही. आधी दुकानात शिरली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "दिवसभर खिडक्या बंदच असतात का?"

"मग? थंडीत गिऱ्हाईक गारठवू?"

तिने आईकडे पाहिलं. आईने इस्त्रीकडे पाहिलं. काय शिजतंय देव जाणे.

१४ ऑक्टोबर

उद्या कोणी ही वही वाचली (कोण वाचणार म्हणा!) तर त्याला काही कळायला हवं. आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. वर घर, खाली दुकान, डाव्या भिंतीपलीकडे बेकरी, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत राणीसरकार. राणीसरकार म्हणजे आमचं मशीन. खोलीच्या अर्ध्या भागात त्यांचाच मुक्काम. ही त्यांना माझी सवत म्हणते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आणलं, तेव्हा नाव शोभतंच.

ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नसतं. राणीसरकारांच्या पोटात पर्क असतं. दिसायला पाण्यासारखं, पण तेलकट डाग पाहता पाहता उतरवतं, आणि लोकरीचा कोट एक सूतभरही आटत नाही. कपडे बाहेर आले की वाऱ्यावर टांगायचे. मग मी एकेक कपडा नाकाला लावतो: आधी कॉलर, मग बगल, मग अस्तर. पर्कचा गोडसर वास राहिला असेल तर परत दोरीवर. नसेल तर मी मोठ्यानं म्हणतो, "पास!" मगच त्याला कागद चढतो. या धंद्यात लोक हातानं नाव काढतात, मी नाकानं काढलं.

हल्ली सगळे कपडे पहिल्या झटक्यात पास होतात. अनुभव, दुसरं काय. पण ही उगाच पसारा घालते. मी पास केलेले कपडे गुपचूप उचलून वरच्या गॅलरीत टांगते. विचारलं तर म्हणते, "सुरकुत्या पडू देत खाली." सुरकुत्या काय फळं आहेत, पिकून पडायला?

१७ ऑक्टोबर

ठकीने काउंटरमागच्या भिंतीवर एक तक्ता लावला. हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं. मी म्हटलं, दुकान आहे की शाळा? ती म्हणाली, "पहिलं तरी वाचा."

पहिलं असं: घाण करून मग ती साफ करत बसण्यापेक्षा घाण होऊच देऊ नये.

"हे सांगायला डॉक्टर व्हावं लागतं? माझी आई रोज सांगायची."

"मग मागच्या खोलीतल्या गाळाच्या पिंपांबद्दल आजी काय म्हणाली असती?"

राणीसरकार पर्क उकळून पुन्हा शुद्ध करतात, तेव्हा खाली काळा गाळ उरतो. तो पिंपात भरायचा, झाकण पक्कं बसवायचं आणि न्यायला गाडी येईपर्यंत त्याच्याशी गोड बोलायचं. आईने झाडूच घेतला असता हातात.

वकीलबाई कोट न्यायला आल्या, त्यांनी सगळी तत्त्वं वाचून काढली. दहावं वाचून तर हसायलाच लागल्या. रसायन असं असावं की काम झालं की आपोआप मोडून निरुपद्रवी व्हावं. वर्षानुवर्षं ठाण मांडून बसू नये. मी म्हटलं, हे तत्त्व आमच्या मेहुण्याला आधी लागू करा. हिने ओला टॉवेल फेकून मारला. नेम अजून चांगला आहे.

२१ ऑक्टोबर

खरं पोटातलं बाहेर आलं. ठकीला राणीसरकारांना निरोप द्यायचा आहे. त्यांच्या जागी पाण्यावर चालणारं मशीन आणायचं. ड्रम अगदी हळू फिरणार, पाणी बेताचं, साबण मातीत जिरून जाणारा, आणि वाळवताना कपड्यात ओल किती उरली ते मशीन स्वतः मोजणार.

मी खो खो हसलो. लोकरीचा कोट आणि पाण्यात! गिऱ्हाईक कोट देईल आणि बाहुलीचं झबलं घेऊन जाईल.

पण योगायोग बघा, राणीसरकार खरंच थकल्यात. एक डिसेंबरला मशीनवाला कागदपत्रं घेऊन येणार आहे. सही केली की नवं मशीन, तेही पर्कचंच, म्हणजे माझ्या हयातीपुरती चिंता मिटली. ठकी म्हणाली, "सही करायच्या आधी मला तोवर प्रयोग करू द्या. एवढंच."

एकुलती एक आहे. "कर," म्हटलं.

२६ ऑक्टोबर

मागच्या शेडमध्ये तिने भाड्याचं छोटं मशीन आणून बसवलं. पहिला प्रयोग माझ्या राखाडी स्वेटरवर. हिने विणलेला, कोपरापाशी चहाचा डाग होता.

डाग गेला. स्वेटरही गेला. म्हणजे आहे, पण मांजराला होईल एवढा आणि गालिच्याइतका जाड.

मी तो दर्शनी खुंटीला टांगला आणि खाली "भविष्यकाळ" अशी पाटी लावली. ठकी आधी हसली, मग तिचे डोळे भरले. मग मलाच कसंतरी झालं. पाटी काढली. स्वेटर हिने उचलून नेला आणि चहाच्या किटलीला चढवला. अगदी मापात बसला. चहा आता शेवटच्या कपापर्यंत गरम राहतो, हे मात्र मान्य करायला हवं.

३० ऑक्टोबर

बेकरीवाल्याला आज सुनावलं. पूर्वी सकाळी त्याची भट्टी पेटली की पावाच्या वासानं अख्खी गल्ली उठून बसायची. आता काही नाही. मैदा बदलला असणार, नाहीतर हवा भरून फुगवत असेल. मी म्हटलं, "अहो, जरा जुन्यासारखा वास येऊ द्या पावाला."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या आईवरून बोललो. मग हिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बघतो हं काका, काय करता येतं ते." तरी दारात रांग होतीच. गाढवाला गुळाची चव काय!

सगळीकडे हाच प्रकार. साबण तसलेच, फुलं नुसती शोभेची. हिच्या हातची भाजीसुद्धा हल्ली पाणचट लागते. मी काही बोलत नाही. तिचंही वय झालंय, आणि तीस वर्षं पोटभर खाल्लेल्या माणसानं एवढं गिळावं.

५ नोव्हेंबर

ठकीने दोन पडदे, एक सुटाची विजार आणि हिची शाल धुतली. शाल चांगली निघाली. विजारीचं अस्तर आत गोळा झालं. मी ती इस्त्रीच्या टेबलावर घेतली, वाफ देत देत, ओढत ओढत जागेवर आणली. ती शेजारी उभी राहून बघत होती. लहानपणी अशीच उभी राहायची, नाक टेबलाच्या कडेला टेकवून.

"बाबा, हे शिकवा मला. पाण्यातलं निम्मं काम इस्त्रीवर आहे."

"शत्रूला हत्यार देऊ?"

पण दिलं. दुपारभर कॉलर कशी ओढायची, खांदा कसा भरायचा ते दाखवलं. तिने मला ओल मोजायचा काटा दाखवला. मी एक कोट माझ्या अंदाजानं काढला, तर जास्तच वाळला होता, पाठीला चुण्या. काटा बरोबर होता. या वयात काट्यापुढे हार खाल्ली, आणि राग आला नाही याचंच नवल वाटलं.

९ नोव्हेंबर

इस्त्री करता करता विचारलं, "तुझ्या या तत्त्वांचं पुढं काय होणार गं?"

ती म्हणाली, "भिंतीवरून उतरतील."

"म्हणजे हरलात?"

"नाही हो. ऑपरेशनच्या आधी हात धुवा अशी कोणी पाटी वाचून डॉक्टर हात धुतो का? एके काळी तेही भांडून सांगावं लागलं होतं. तसंच. पुढं मुलांना रसायन बनवायला शिकवतानाच शिकवतील, की बाबा रे, हे कोणाच्या नाकातोंडात जाणार आहे, कुठल्या नदीत जाणार आहे, ते आधी विचार. मग 'हरित' हा शब्द गळून पडेल. नुसतं रसायनशास्त्र म्हणतील."

"आणि पाणी वापरलं की सगळं पुण्यच?"

"छे! पाणी तापवायला वीज लागते, सांडपाणी होतं. आमच्याकडे पण भांडणं आहेतच. पण निदान जे सांडलं त्यात उभं राहता येतं."

बोलायला पटाईत. आईवर गेली आहे. पण मनात आलं, माझ्यामागे हे दुकान कोण बघणार हा विचार मी कधी धीरानं केलाच नव्हता. ती उभी होती तिथे, बाह्या वर करून, आणि मला बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर

व्हायोलिनचे मास्तर त्यांचा कार्यक्रमाचा काळा कोट आमच्याकडून धुऊन घेऊन गेले होते. आज परत घेऊन आले. म्हणाले, "रागावू नका, पण वाजवताना हनुवटीखाली वास येत होता. डोकं दुखलं."

मी कोट हुंगला. काही नाही! स्वच्छ! मी तसं सांगितलं, जरा चढ्या आवाजात. कलावंतांची नाकं नाजूक असतात असंही बोलून गेलो. हिने मध्ये पडून कोट घेतला, "आमचीच चूक," म्हणाली आणि गॅलरीत नेला. चूक नसताना कबूल करायची या बाईला भारी हौस.

मास्तर गेल्यावर ठकी म्हणाली, "बाबा, अकरावं तत्त्व."

काम चालू असतानाच तपासत राहावं, सगळं संपल्यावर नव्हे.

"मी तपासतोच. नाकानं."

ती काहीतरी बोलणार होती. आईने हाक मारली.

१८ नोव्हेंबर

मला एक नामी युक्ती सुचली. जेवताना जाहीर केली.

नाकाची परीक्षा! रविवारी ठकीने काही कपडे पाण्यात धुवायचे, मी काही राणीसरकारांकडून धुऊन घेणार. सगळे एका दोरीवर. मी डोळे बांधून हुंगणार. कुठला कोणाचा हे मला सांगता आलं नाही, तर एक तारखेला सही करणार नाही. राणीसरकार सन्मानानं घरी जातील. सांगता आलं, तर ठकीने तक्ता उतरवायचा. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मला वाटलं पोरगी उड्या मारील. तिने चमचा खाली ठेवला. ही तर पांढरीफटक पडली. म्हणाली, "परीक्षा कशाला? घरातल्या घरात!"

लेक हरेल म्हणून जीव तुटतो तिचा. मला काय तुटत नाही? पण धंदा धंद्याच्या जागी.

२० नोव्हेंबर

स्वयंपाकघरात मायलेकींची कुजबुज चालू होती. मी आत गेलो तर दोघींनी फडकी उचलली. दूध उतू जाऊन करपलं होतं, शेगडीवर काळा थर. दोघी तिथेच असून करपलं! मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुमचं? ही म्हणाली, "अहो, ते तुम्ही ठेवलं होतं तापत. आम्ही आत्ता धावत आलो गॅलरीतून."

बरोबर. मीच ठेवलं होतं. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. ऐकू नाही आलं. (दूध करपताना आवाज करत नाही म्हणा.)

२२ नोव्हेंबर

ठकीने माघार घेतली. "मला ती परीक्षा द्यायची नाही, बाबा."

"घाबरलीस?"

"हो."

एवढंच. मी जिंकलो. संध्याकाळी बेकरीवाल्याला सांगितलं, तर तोही खूश दिसेना. माझंही मन लागेना. ज्या पोरीने शाळेत एका गुणासाठी मास्तरांशी भांडण केलं होतं, ती लढायच्या आधीच हत्यार टाकते? इतका का मी कडक आहे?

तिने धुतलेला वकीलबाईंचा लांब कोट आज मी इस्त्री केला. खरं सांगायचं तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. हे तिला सांगायला हवं होतं.

२७ नोव्हेंबर

आज अक्षर वाईट येतंय.

सकाळी दुकानात एकटाच होतो. दोघी बाजारात. राणीसरकारांना पहिला घास भरवला, मशीन सुरू केलं. थोड्या वेळानं काउंटरपाशी पाय ओले झाले. बघतो तर लादीवर पाणी. मनात म्हटलं, आली का ठकीबाईंच्या मशीनची गंगा शेडमधून इथवर! चार शिव्याही दिल्या. फडकं घेतलं, गुडघ्यावर बसलो आणि पुसायला लागलो. डोकं हलकं झालं होतं. मजेत होतो, गाणं म्हणत होतो म्हणे.

एकदम बेकरीवाला घुसला. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, एप्रन तोंडाला लावलेला. "अहो काका, मरायचंय का!" म्हणून ओरडला, कॉलर धरली आणि मला फरफटत रस्त्यावर नेलं. आयुष्यात मला कोणी असं धरलं नव्हतं. त्यानेच परत आत जाऊन बटण बंद केलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या.

पाणी नव्हतं ते. राणीसरकारांच्या दाराचं रबर फाटलं होतं. पर्क होतं. मी त्यात गुडघे टेकून बसलो होतो.

"एवढा वास येत होता?" मी विचारलं.

"भिंतीपलीकडे आम्हाला पीठ मळता येईना," तो म्हणाला.

"मला तर काहीच..."

तेवढ्यात ही आली. हातातली पिशवी रस्त्यावर टाकून धावत आली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि त्या क्षणी मला समजलं, की मी जे वाक्य अर्धं सोडलं ते तिला आधीपासून पूर्ण पाठ आहे.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, रक्त काढलं. सुदैव, म्हणाल्या. मग मला डोळे मिटायला सांगितलं आणि नाकाशी एकेक गोष्ट धरली. मी प्रत्येकाला "नुसती हवा" म्हटलं. डोळे उघडले तर समोर लिंबाची फोड, कॉफी, लवंग आणि साबण. मी लिंबाची फोड स्वतः उचलून नाकाला लावली. नाकपुडीला गार लागली, बास.

कशामुळे गेलं, ते नक्की सांगता येणार नाही म्हणाल्या. वय असेल, तीस वर्षांचं पर्क असेल, दोन्ही असेल. परत येईल याची आशा थोडी. पर्कपासून मात्र आजपासून दूर.

नाकाची परीक्षा झाली. नापास.

बेकरीवाल्याची माफी मागायला जायचं आहे. पावात काही खोट नव्हती. आणि हिच्या भाजीतही.

२९ नोव्हेंबर

आज हिला विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"मागच्या हिवाळ्यापासून. गुलाबाचं फूल नाकाला लावून तुम्ही म्हणालात, कागदाचं आहे का?"

"आणि बोलली नाहीस?"

"कसं बोलू? 'पास' म्हणताना तुमचा चेहरा केवढा उजळतो." पदरानं डोळे टिपले आणि मग नेहमीसारखं फटकारलं, "म्हणून मीच परत हुंगत होते सगळे कपडे, गॅलरीत नेऊन. माझंही नाक जायचं तुमच्या सवतीपायी! शेवटी ठकीला कळवलं. म्हटलं, तूच काय ते कर, तुझ्या बापाला मी सांगितलं तर तो दुकानच मिटून बसेल."

म्हणजे पोरीला माझी आठवण वगैरे आली नव्हती. मी तसं बोललो, तर ठकी दारातून म्हणाली, "आठवण पण आली होती, बाबा."

मी तिला जवळ बसवलं. "मग वेडे, परीक्षा का सोडलीस? मला एकही कपडा ओळखता आला नसता. डोळे मिटून जिंकली असतीस. मशीन गेलं असतं, मी वाचलो असतो, वर मला कळलंही नसतं."

"कळलं असतं कधीतरी," ती म्हणाली. "मग तुम्हाला वाटलं असतं, पोरीने मला आंधळ्यासारखं हाताला धरून फसवलं. आईला मी सांगत होते, की सरळ सांगूया. रोज ठरवायचे आणि रोज तुम्ही 'पास' म्हणायचात. मी घाबरलेच होते, बाबा. खोटं नाही सांगितलं."

मी रडलो. लिहायला लाज कसली, वही माझीच आहे. दोघी दोन बाजूंना होत्या. मी नाकाचा एवढा तोरा मिरवला आणि दोन बायका मला वर्षभर तळहातावर झेलत होत्या, मला पत्ता नाही. मला वास येत नव्हता याचं दुःख आहेच, पण हे प्रेम समोर असून दिसलं नाही याचं जास्त आहे.

१ डिसेंबर

मशीनवाला आला. चकचकीत पुस्तक उघडलं, सही कुठे ते बोटानं दाखवलं.

मी म्हटलं, "आधी तक्त्यावरचं बारावं वाचा."

त्याने वाचलं: अपघात झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा, अपघात होऊच शकणार नाही अशी वस्तू निवडावी.

"पण आमच्या नव्या मॉडेलचं दार फार मजबूत आहे हो."

"दार मजबूत करणं वेगळं, आणि दाराआड भिण्यासारखं काही नसणं वेगळं," मी म्हणालो. ठकीने वळून पाहिलं. चोरलेलं वाक्य नव्हतं, माझंच होतं. मलाही जरा आश्चर्य वाटलं.

चहा मात्र पाजला त्याला. स्वेटर घातलेल्या किटलीचं त्याने फार कौतुक केलं.

१९ डिसेंबर

राणीसरकार गेल्या. आधी जाणकार माणसं आली, मुखवटे लावून पोटातलं पर्क आणि सगळी पिंपं घेऊन गेली. मग क्रेन आली. मागच्या भिंतीचा बेकरीच्या दारालगतचा एक भाग उतरवावा लागला, तेव्हा बेकरीवाला म्हणाला, "आता तिथे खिडकीच ठेवा ना, पाव तिथूनच देईन."

मी रस्त्यावर उभा राहून टोपी काढली. काही म्हटलं तरी त्यांनी घर चालवलं, ठकीला शिकवलं. दोष त्यांचा काय? तेव्हा जे माहीत होतं ते त्यांच्यात होतं. ही शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गेली एकदाची." आणि मग स्वतःच डोळे पुसायला लागली. सवतीसाठी!

१४ जानेवारी

पाण्याचं मोठं मशीन आठवड्यापूर्वी बसलं, आज सुरू केलं. ठकीची रजा संपत आली. महिन्यातून दोनदा येणार आहे. पुढं प्रयोगशाळेतर्फे आमच्यासारख्या छोट्या दुकानांना हेच शिकवायचं असं तिच्या डोक्यात आहे. इस्त्री शिकवायला मला नेणार म्हणे. मी म्हटलं, आधी तुझी कॉलर सुधार.

पहिला कपडा कोणाचा धुवायचा हे मी आधीच ठरवलं होतं. व्हायोलिनच्या मास्तरांच्या घरी स्वतः गेलो, बोललो त्याबद्दल माफी मागितली आणि काळा कोट मागून आणला. ठकीने धुतला. काट्याने सांगितलं तेव्हा काढला. मी इस्त्रीवर घेतला, खांदे भरले, मानेपाशी, जिथे व्हायोलिन टेकतं तिथे, दोनदा वाफ दिली.

मग सवयीनं उचलला आणि नाकाला लावला. कॉलर, बगल, अस्तर. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी कोट हिच्यापुढे धरला. "बघ गं."

तिने तसंच केलं, माझ्याच क्रमानं. सावकाश. अस्तरापाशी जरा जास्तच थांबली.

"कशाचा येतोय?" मी विचारलं.

"कशाचाच नाही," ती म्हणाली.

"मलाही."

कितीतरी दिवसांनी आम्हा दोघांच्या नाकांचं एकमत झालं. मी तिला म्हटलं, "मग म्हण की."

"मी?"

"वर्षभर तूच तर म्हणत होतीस, गॅलरीत उभी राहून, मनातल्या मनात. आज मोठ्यानं म्हण."

तिने कोट हँगरवर चढवला, खांदा झटकला, ठकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पास!"